आठव्या अक्षरानंतर



श्रावकाच्या अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत 'हीनाधिकमानोन्मान' हा एक आहे. घेताना एक माप आणि देताना दुसरे माप, असा त्याचा सरळ अर्थ. पिढ्यान्‌पिढ्या पेढीवर बसलेल्या आपल्या समाजाला या अतिचाराचे गांभीर्य नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. आता अशी कल्पना करू की एका दुकानात एक काटा आहे. आठ किलोपर्यंत तो अचूक तोलतो. त्यापुढे तबकात कितीही माल टाकला तरी आकडा आठवरच थांबतो. काटा कुरकुरत नाही, सूचनाही देत नाही. काट्याला मर्यादा असणे हा काही दोष म्हणता येणार नाही, कारण प्रत्येक काट्याला ती असतेच. ती मर्यादा गिऱ्हाइकापासून, किंबहुना खुद्द दुकानदारापासूनही लपलेली असावी, हा खरा दोष. या महिन्याच्या लेखाचा विषय असाच एक काटा आहे. तो धान्याऐवजी परवलीचे शब्द, म्हणजे आपण ज्यांना पासवर्ड म्हणतो ते, तोलतो.

'युनिक्स' ही संगणकप्रणाली १९६९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, बेल लॅबोरेटरीजमध्ये, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून जन्माला आली. आज तिचा वंशविस्तार मोठा आहे. लिनक्स तिच्याच वळणावर घडले. ॲपलच्या संगणकांतील प्रणाली तिच्याच कुळातील आहे. आपल्या पेढीचे संकेतस्थळ ज्या दूरच्या सर्व्हरवर असते, किंवा हिशेबाची रोजची प्रत ज्या साठवण-पेटीत जाऊन पडते, तेथेही बहुधा याच घराण्याचा कारभार असतो. म्हणून या घराण्याने पासवर्ड कसा सांभाळला हे जाणून घेणे म्हणजे आपल्याच तिजोरीच्या कुलपाची माहिती घेणे होय.

आरंभीच्या संगणकांत सर्वांचे पासवर्ड एका फाईलमध्ये जसेच्या तसे लिहून ठेवलेले असत. १९६० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील 'सीटीएसएस' या प्रणालीवर एक प्रसंग घडला. एक व्यवस्थापक पासवर्डांची फाईल दुरुस्त करीत होता आणि त्याच वेळी दुसरा व्यवस्थापक दिवसाची सूचना लिहीत होता. दोघांच्या तात्पुरत्या फाईलींची अदलाबदल झाली, आणि त्यानंतर जो कोणी संगणकावर प्रवेश करील त्याच्यासमोर सूचनेऐवजी सर्वांच्या पासवर्डांची यादी येऊ लागली. येथे चोर कोणी नव्हता आणि कुलूपही कोणी फोडले नव्हते. जे जवळ बाळगण्याची गरज नव्हती ते बाळगले होते, एवढेच.

युनिक्सच्या कर्त्यांनी यावर जो उपाय योजला तो अपरिग्रहाच्या फार जवळ जाणारा आहे. संगणकाला तुमचा पासवर्ड माहीत असण्याची आवश्यकताच नाही. तो बरोबर आहे की चूक, एवढे ओळखता आले की पुरे. त्यासाठी पासवर्ड एका गणिती जात्यात दळला जातो आणि फक्त पीठ साठवले जाते. या पिठाला 'हॅश' म्हणतात. पुढच्या वेळी तुम्ही पासवर्ड दिलात की तो पुन्हा दळला जातो, आणि आजचे पीठ साठवलेल्या पिठाशी ताडून पाहिले जाते. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत, म्हणून फाईल चोराच्या हाती लागली तरी मूळ शब्द त्याला थेट मिळत नाही.

मात्र चोरालाही जाते मिळू शकते. तो एकेक शब्द घेऊन दळत जातो आणि पीठ जुळते का ते पाहतो. म्हणून जाते कोणते, हा प्रश्न निर्णायक ठरतो. युनिक्सचे पहिले जाते दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने वापरलेल्या 'एम-२०९' या सांकेतिक यंत्राची नक्कल करीत असे, आणि ते फार वेगाने फिरे. त्या काळच्या पीडीपी-११/७० या संगणकावर एक शब्द दळायला १.२५ मिलिसेकंद पुरत. इंग्रजी लहान लिपीतील सहा अक्षरांचे झाडून सारे शब्द तपासायचे म्हटले तरी सुमारे १०७ तासांत, म्हणजे साडेचार दिवसांत, काम उरकत असे. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा सारा हिशेब मांडला आहे. त्यांनी लोकांचे ३,२८९ पासवर्डही तपासले. त्यांतील १५ केवळ एका चिन्हाचे, ७२ दोन चिन्हांचे आणि ४६४ तीन चिन्हांचे होते. शब्दकोशातील शब्द, नावे आणि इतर आखूड शब्द मिळून २,८३१ पासवर्ड, म्हणजे ८६ टक्के, सहज हाती लागण्याजोगे निघाले.

यावर त्यांनी नवे जाते बसवले. अमेरिकी सरकारने मान्य केलेली 'डीईएस' ही सांकेतिक पद्धत घेऊन ती एकामागून एक २५ वेळा फिरवायची, म्हणजे दळण मुद्दाम संथ होईल. शिवाय प्रत्येक पासवर्डात संगणकाने स्वतःची एक चिमूट मिसळायची. तिला 'सॉल्ट', म्हणजे मीठ, असेच नाव आहे. या मिठाचे ४,०९६ प्रकार होते. त्यामुळे दोन माणसांचा पासवर्ड एकच असला तरी त्यांचे पीठ बहुधा वेगळे दिसे, आणि चोराला एकदा दळून ठेवलेले पीठ सर्वांसाठी वापरता येत नसे. शेवटी फाईलमध्ये १३ चिन्हांची नोंद उरे: दोन मिठाची आणि अकरा पिठाची. ही रचना इतकी विचारपूर्वक होती की पुढे दोन दशके ती जगभर चालली.

याच रचनेत आपला आठ किलोंचा काटा दडलेला होता. डीईएसची किल्ली ५६ बिटांची. प्रत्येक अक्षराचे सात बिट घेतले की आठ अक्षरांत किल्ली भरते. नवव्या अक्षरापासून पुढचे सारे या जात्याच्या तोंडातच जात नसे. कोणी वीस अक्षरांचा पासवर्ड ठेवला तर संगणक तो निमूटपणे स्वीकारी, त्यातील पहिली आठ अक्षरे घेई आणि बाकीची बारा सोडून देई. पुढे प्रवेश करताना पहिली आठ बरोबर असली की दार उघडे. शेपटीला काहीही लिहिले तरी चाले. १९७९ साली हे अवाजवी नव्हते, कारण तेव्हा आठ अक्षरे हे पुष्कळ मोठे माप होते. पण यंत्रे वेगवान झाली आणि माप तेथेच राहिले.

त्याचा परिणाम आकड्यांत पाहू. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सच्या जुन्या फाईलींत त्या काळच्या नामवंतांचे हॅश शिल्लक राहिले होते. ते उलगडण्याचा उद्योग काही जिज्ञासूंनी केला, आणि २०१९ साली खुद्द केन थॉम्पसन यांचा पासवर्ड उलगडला. बुद्धिबळातील वजिरापुढच्या प्याद्याची दोन घरांची खेळी, जुन्या लेखनपद्धतीने, नेमक्या आठ चिन्हांत त्यांनी लिहिली होती. एका ग्राफिक्स कार्डावर, सेकंदाला सुमारे ९३ कोटी दळणे या वेगाने, त्याला चार दिवसांहून थोडा अधिक वेळ लागला. इतरांचे पासवर्ड त्याआधीच उलगडले होते. स्टीफन बोर्न यांनी स्वतःचे आडनावच ठेवले होते, तर पुढे गुगलचे प्रमुख झालेल्या एरिक श्मिट यांनी पत्नीचे नाव लिहून पुढे तीन उद्गारचिन्हे दिली होती. जेथे जाणकारांची ही गत, तेथे दुकानाचे नाव आणि मुलाचे जन्मवर्ष यांवर आपण किती विसंबावे, याचा विचार प्रत्येकाने करावा.

त्याच वेगाने हिशेब केला तर केवळ लहान लिपीतील आठ अक्षरांचे सर्व २०,८८२ कोटी शब्द चार मिनिटांच्या आत तपासून होतात. त्याच अक्षरांतून बारा अक्षरांचा शब्द निवडला असता आणि जात्याने तो पूर्ण घेतला असता, तर त्याच चोराला सव्वातीन वर्षे लागली असती. चार अक्षरांनी चार मिनिटांची सव्वातीन वर्षे होतात. जुन्या जात्याने नेमकी तीच चार अक्षरे वापरणाऱ्याच्या नकळत टाकून दिली. बारा अक्षरे लक्षात ठेवण्याचा भार त्याने वाहिला, आणि पदरात पडले चार मिनिटांचे संरक्षण.

आणखी एक उणीव होती. पिठाची ही फाईल त्या संगणकावरील कोणालाही वाचता येत असे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर पसरलेल्या कुप्रसिद्ध 'वर्म'ने तिचा लाभ घेतला. खातेदाराचे नाव, ४३२ शब्दांची स्वतःजवळची यादी आणि संगणकातील शब्दकोश यांच्या आधारे तो पासवर्ड ताडून पाही. तो लिहिणारा तरुण रॉबर्ट टॅपन मॉरिस हा १९७९ च्या निबंधाचे सहलेखक रॉबर्ट मॉरिस यांचा पुत्र होता, हा इतिहासातील विलक्षण योगायोग. पुढे हॅश वेगळ्या 'शॅडो' फाईलमध्ये, केवळ मुख्य व्यवस्थापकालाच वाचता येईल अशा जागी, ठेवण्याचा प्रघात सर्वत्र रूढ झाला.

जातीही बदलत गेली. पॉल-हेनिंग कँप यांनी फ्रीबीएसडी या प्रणालीसाठी एमडी-५ वर आधारलेली पद्धत आणली. तिने आठ अक्षरांचे बंधन तोडले आणि दळण १,००० वेळा फिरवले. २०१२ साली तिचे कर्ते कँप यांनी स्वतःच, ही पद्धत आता सुरक्षित मानू नये, असे जाहीर केले. आपल्याच मालाची मुदत संपल्याचे असे उघडपणे सांगणे कोणत्याही व्यवसायात अनुकरणीय ठरावे. १९९९ साली नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड मझिएर यांनी ओपनबीएसडीसाठी 'बीक्रिप्ट' मांडले. त्यात दळणाचा खर्च व्यवस्थापकाला ठरवता येतो. हा आकडा एकाने वाढवला की काम दुप्पट होते, म्हणजे यंत्रे वेगवान होतील तसे जाते जड करीत नेता येते. २००७ साली उलरिख ड्रेपर यांनी एसएचए-२५६ व एसएचए-५१२ या पद्धती लिनक्ससाठी दिल्या. त्यांत वेगळे काही ठरवले नाही तर फेऱ्या ५,००० असतात आणि त्या वाढवता येतात. अलीकडे डेबियनने २०२१ च्या आवृत्तीपासून 'येसक्रिप्ट' ही पद्धत मूळ निवड म्हणून स्वीकारली. ती वेळेबरोबर स्मरणजागाही मुद्दाम खर्च करवते, त्यामुळे चोराला एकाच कार्डावर एकाच वेळी हजारो जाती मांडणे महाग पडते.

यांपैकी बीक्रिप्टलाही एक मर्यादा आहे. त्याच्या पोटातील 'ब्लोफिश' पद्धतीत चार-चार बाइटच्या अठरा उपकिल्ल्या असतात. म्हणून पासवर्डाचे पहिले ७२ बाइटच त्यात जातात. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ७२ अक्षरे पुष्कळ झाली. देवनागरीत मात्र आजच्या सर्वमान्य लेखनपद्धतीनुसार प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार व हलन्त हे प्रत्येकी स्वतंत्र चिन्ह असते. 'क्षमा' हा शब्द दिसायला दोन अक्षरांचा. संगणकाच्या लेखी तो क, हलन्त, ष, म आणि काना अशा पाच चिन्हांचा, म्हणजे १५ बाइटचा. मराठीत वाक्य लिहून पासवर्ड करणाऱ्याचे ७२ बाइट चार-पाच शब्दांतच संपतात. जुन्या आठच्या मापात तर एकटा 'क्ष' देखील पुरता मावला नसता.

ही केवळ तात्त्विक चर्चा आहे असे कोणी समजू नये. ओळखपडताळणीची सेवा देणाऱ्या ओक्टा या अमेरिकी कंपनीने २०२४ साली आपल्या एका सेवेतील अशीच उणीव स्वतः जाहीर केली. तेथे खात्याचा क्रमांक, वापरणाऱ्याचे नाव आणि पासवर्ड एकापुढे एक जोडून बीक्रिप्टमध्ये घातले जात. वापरणाऱ्याचे नाव ५२ किंवा अधिक अक्षरांचे असले की पासवर्डाला ७२ बाइटच्या आत जागाच उरत नसे. मग काही विशिष्ट परिस्थितीत, म्हणजे त्या खात्याने पूर्वी यशस्वी प्रवेश केलेला असेल, मूळ यंत्रणेशी संपर्क होत नसेल आणि दुसरी पडताळणी लावलेली नसेल तेव्हा, पासवर्ड न जुळताही प्रवेश मिळू शके. जाते उत्तम होते. तबकाची मर्यादा मात्र हिशेबात धरली गेली नव्हती.

येथे आपल्या परंपरेतील एका विचाराची आठवण होते. परिग्रहपरिमाण किंवा दिग्व्रत घेणारा श्रावक मर्यादा घालून घेतो; पण ती जाणून घेतो, उच्चारून घेतो आणि इतरांनाही ठाऊक असू देतो. तिच्या व्रतपणाचे मर्म या उघडपणात आहे. संगणकालाही पासवर्डाची कमाल लांबी ठरवावीच लागते. २०१३ साली जँगो या संकेतस्थळ-रचनेच्या साधनात असे आढळले की कोणी दहा लाख अक्षरांच्या घरातला पासवर्ड पाठवला तर तो तपासण्यात सर्व्हर सुमारे मिनिटभर गुंतून पडे. तेव्हा वरची मर्यादा असावी, हे मान्य. मर्यादा ओलांडली तर यंत्राने स्पष्ट नकार द्यावा. निमूटपणे कापून घेऊ नये. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ साली हाच नियम केला: किमान ६४ अक्षरांपर्यंत पासवर्ड स्वीकारावा आणि त्याचा कोणताही भाग कापू नये. २०२५ च्या सुधारित आवृत्तीत, जेथे केवळ पासवर्डावरच भिस्त आहे तेथे त्याची किमान लांबी १५ ठरवली आहे.

आपल्या पेढीसाठी यातून काय घ्यावे? जो तंत्रज्ञ आपला सर्व्हर सांभाळतो त्याला तीन प्रश्न विचारावेत. पासवर्ड कोणत्या पद्धतीने दळला जातो? किती बाइटपर्यंत वाचला जातो, आणि त्यापुढे यंत्र नकार देते की कापते? जुन्या नोंदींचे काय केले? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण तो बहुधा कोणी विचारत नाही. व्यवस्थापकाने आज नवी पद्धत निवडली तरी आधीच्या नोंदी जुन्याच पिठाच्या राहतात. संगणकाजवळ मूळ गहू नसल्याने तो ते नव्याने दळू शकत नाही; ज्याने त्याने आपला पासवर्ड बदलला तरच नवी नोंद होते. दहा वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुनीमजींचे खाते आजही तेरा चिन्हांच्या जुन्या नोंदीसह शॅडो फाईलमध्ये पडून असू शकते. अशी नोंद ओळखणे सोपे असते. नव्या पद्धतींच्या नोंदी डॉलरच्या चिन्हाने सुरू होतात आणि पुढील खूण पद्धत सांगते: १ म्हणजे एमडी-५, २ ने सुरू होणारी खूण म्हणजे बीक्रिप्ट, ५ व ६ म्हणजे एसएचए, आणि इंग्रजी वाय म्हणजे येसक्रिप्ट. डॉलरविना १३ चिन्हांची किंवा १ क्रमांकाची नोंद दिसली, तर खाते चालू असल्यास पासवर्ड बदलून घ्यावा आणि बंद असल्यास खातेच काढून टाकावे.

तंत्रज्ञाविनाही एक परीक्षा करता येते, अर्थात स्वतःच्याच खात्यावर. आपला लांब पासवर्ड बरोबर लिहून शेवटी एक जादा अक्षर जोडा आणि प्रवेश होतो का पाहा. झाला, तर ते यंत्र शेपटी वाचत नाही हे उघड झाले. त्याचप्रमाणे 'पासवर्ड विसरलो' असे कळवल्यावर एखाद्या संकेतस्थळाने तुमचा जुनाच पासवर्ड जसाच्या तसा पाठवून दिला, तर तेथे दळण होत नाही, गहूच साठवले जातात, असे समजावे आणि तो पासवर्ड अन्यत्र कोठेही ठेवला असल्यास त्वरित बदलावा. घरच्यांनी परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द निवडावेत. नमोकार मंत्र, कुलदैवत, तीर्थक्षेत्र आणि मुलांची नावे श्रद्धेसाठी आणि मायेसाठी राखून ठेवावीत; आपल्याला ओळखणाऱ्याला ती पहिल्या फटक्यात सुचतात.

पेढीच्या संगणकात केवळ आपलाच पैसा नसतो. गिऱ्हाइकांचे पत्ते, उधारीच्या नोंदी, कामगारांचे पगार आणि कित्येक ठिकाणी मंदिराच्या ट्रस्टचे हिशेबही त्यात असतात. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अशी माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. दंडाचे भय बाजूला ठेवले तरी दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेली वस्तू ही ठेव आहे, आणि ठेवीची राखण हा आपल्या व्यापाराचा प्राण आहे.

कार्तिक शुद्ध पंचमीला आपण ज्ञानपंचमी करतो. पोथ्या बाहेर निघतात, धूळ झटकली जाते, वाळवी लागली आहे का ते पाहिले जाते, जीर्ण वेष्टने बदलली जातात. त्याच दिवशी लाभपंचमीचा मुहूर्त साधून पेढीचा नवा व्यवहारही सुरू होतो. यंदा त्या दिवशी सर्व्हर सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला तासभर बोलवावे, वरचे तीन प्रश्न त्याच्यासमोर ठेवावेत आणि उत्तरे तारखेसह वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावीत. पुढच्या वर्षी ती पुन्हा ताडून पाहता येतील.

जय जिनेंद्र.